होस्टा : निळा की पिवळसर?

बागेतल्या सावलीच्या कोपऱ्यासाठी होस्टा या शोभिवंत पानांच्या रोपाचा निळा वाण घ्यावा की पिवळसर, या संभ्रमात असलेल्यांनी आधी तेथे ऊन किती वेळ येते ते पाहावे. ‘हॅलसियन’ या निळ्या वाणाचा निळेपणा पानावरच्या मेणचट थरामुळे असतो, नुसते बोट घासले तरी खालचा हिरवा रंग दिसू लागतो, मग कडक उन्हात तो कितीसा टिकणार? उलट ‘सम अँड सबस्टन्स’ या पिवळसर वाणाला सकाळचे कोवळे ऊन मिळाले, तरच त्याची पिवळी झाक खुलते. पाने जाड असल्याने गोगलगायी दोघांनाही तुलनेने कमी छळतात. पहिला साधारण ४५ सेंटिमीटर उंचीवर थांबतो, तर दुसऱ्याचा घेर दीड मीटरपर्यंत पसरून शेजारची रोपे झाकून टाकतो. दिवसभर सावली आणि लहान वाफा असल्यास निळा, सकाळचे ऊन आणि मोकळी जागा असल्यास पिवळसर घ्यावा.