मृतदेह की डिजिटल टेबल?

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आल्यापासून पहिल्या वर्षाची मुलं विचारतात, शरीररचनेचा जादा सराव कशावर करावा: खऱ्या मृतदेहावर, की डिजिटल टेबलावर, म्हणजे टेबलाएवढ्या पडद्यावर शरीराची त्रिमितीय प्रतिमा कापून बघण्याच्या यंत्रावर?

हाताला कळणं, यात मृतदेहाला तोड नाही. काखेतली चरबी बोथट चिमट्याने सारत गेलं की ॲक्सिलरी धमनीभोवती (काखेतली मोठी धमनी) ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या (मज्जातंतूंच्या) जाळ्याच्या, दोऱ्या सापडतात. शीर चपटी, धमनी जाड भिंतीची, नर्व्ह घट्ट, भरीव. हा फरक बोटांनीच शिकावा लागतो. घाईत स्काल्पेल खोल गेलं तर त्वचेखालची नर्व्ह तुटते, ती कायमची. डिजिटल टेबलावर चूक मागे घेता येते, म्हणून हात सावध होत नाही. शिवाय प्रत्येक देहाची रचना थोडी वेगळी. टेबलावर तेच ते ठराविक देह.

देखभाल मात्र मृतदेहाची जड. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत बुरशी पटकन धरते. म्हणून देह टिकवायच्या द्रावणात फिनॉल किंवा थायमॉल हे बुरशीनाशक हवंच. उघडा राहिलेला भाग सुकून चामड्यासारखा होतो, म्हणून काम संपताच ओलं कापड गुंडाळा. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात ते वेगळंच. टेबलाला फक्त वीज लागते, पण आपल्याकडे पावसात तीच जाते.

आडवे छेद आणि सीटी स्कॅन जुळवायला, परीक्षेआधी उजळणीला टेबल घ्या. सर्जरीकडे ओढा असेल, किंवा पहिल्यांदाच एखादा भाग शिकत असाल, तर आधी मृतदेहच.