ग्राहक पोर्टल बसवलं : रंग जमला, टेम्प्लेटनं रडवलं

आमचं सोलापूरच्या चाटी गल्लीत चादर-टॉवेलचं होलसेल. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर आणि निम्मा दिवस 'शेठ माझा माल कुठवर आला' ह्याची उत्तरं देण्यातच जायचा, म्हणून साइटवर एक रेडिमेड ग्राहक पोर्टल बसवलं. लॉगिन, ऑर्डरींची यादी, बिलं असे वेगवेगळे कॉम्पोनंट, म्हणजे तयार भाग, मिळतात, एकेकाचा टॅग (कोडची छोटी ओळ) आपल्या पानात टाकला की झालं. कंपनीचं नाव घेत नाही, सपोर्टवाली पोरं चांगलीयत. सहा महिने वापरून लिहितोय.

टॅग टाकला आणि आमच्या मरून साइटच्या मधोमध ह्यांचा निळाशार डबा! संध्याकाळभर सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारे नियम) लिहिली, प्रत्येक ओळीला इम्पॉर्टंट, म्हणजे 'माझंच ऐक', लावलं, ढिम्म हलेना. मग कळलं की हे सगळं शॅडो डॉममध्ये, म्हणजे पानातल्याच एका वेगळ्या बंद कप्प्यात असतं, बाहेर लिहिलेले नियम आतल्या बटणा-बिटणांना लागतच नाहीत, सीएसएस व्हेरिएबल (नाव दिलेल्या, बाहेरून बदलता येणाऱ्या किमती) मात्र आत जातात. त्यांची यादी मागवली, रंग, फॉन्ट, कोपऱ्यांची गोलाई, अकरा ओळीत डबा मरून. ह्याला पैकीच्या पैकी, लय भारी. पेमेंटची खिडकी आयफ्रेममधे, म्हणजे आपल्या पानातल्या चौकटीत दुसऱ्याच साइटवरून येते, तिथं काहीच बदलता येत नाही आणि येऊ पण नये, कार्डाचे नंबर असतात.

पण मराठीचा विचार कुणी केलाच नाही. बटणांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षराअक्षरात जागा दिलेली, इंग्रजीला शोभतं, आमच्या 'ऑर्डर द्या'ची शिरोरेषा मात्र कात्रीनं कापल्यासारखी तुकडे तुकडे. वर लाइन-हाइट (ओळीची उंची) 1, म्हणजे अक्षराएवढीच, त्यामुळं 'टर्किश टॉवेल'चा रफारच छाटला, एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, टकिश म्हणजे कुठला नवीन माल बे?

ह्या दोन्हीला व्हेरिएबल नव्हता. मग त्यांची टेम्प्लेटं, म्हणजे एकेका भागाच्या मांडणीचे साचे, कॉपी करून स्वतःची केली, स्पेसिंग काढलं, लाइन-हाइट 1.6 केली, आणि हात शिवशिवले म्हणून 'नग'च्या जागी डझन पण दाखवायला लागलो, कारण आमच्याकडं नगावर बोलतंय कोण. दोन महिने मस्त चाललं. नंतर त्यांनी अपडेट आणलं, त्यात अर्धा माल निघाला की तशी ओळ दिसायला लागली, सगळ्यांना दिसली, आमच्याकडं नाही, कारण आमची कॉपी जुनीच. लातूरच्या एका दुकानदाराला पाच डझनातले तीनच पोचले आणि तो माझ्यावर उखडला.

वडलांना सांगितलं तर म्हणाले, धाग्याचा रंग कुणीपण बदलतंय, जेकार्डचे पत्ते (मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे) स्वतः पाडलास तर चुकल्यावर दुसरा कशाला येईल?

आता एकच टेम्प्लेट माझं ठेवलंय, ऑर्डरींच्या यादीचं, अपडेट आलं की त्यांच्या नव्या फाइलशी ओळ न ओळ ताडून बघतो. बाकी सगळं परत त्यांचंच, लॉगिनच्या बटणाची शिरोरेषा अजून तुटलेलीच आहे, तक्रार टाकून ठेवलीय. पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर ट्रायलमध्येच एखाद्या बटणावर 'टर्किश' लिहून बघा.