मिल-फय: पदर सुटलेत, पण खालचं पान ओलं

वडोदऱ्यात फतेहगंजातल्या एका फ्रेंच धाटणीच्या बेकरीत हल्ली मिल-फय मिळतं, म्हणजे पापुद्र्यांमध्ये क्रीम भरलेला फ्रेंच गोड पदार्थ. पाटीवर ‘ला मिली-फ्यूल’ लिहिलंय. दोन शब्दांत तीन चुका! स्पेलिंगमध्ये (mille-feuille) दोन्हीकडे जोड ‘एल’ दिसतो, पण पहिल्या शब्दात त्याचा ल होतो आणि दुसऱ्यात य. ‘फे’ म्हणताना ओठांचा चंबू केला की उच्चार बराचसा जमतो. आणि ‘ला’ नव्हे, ‘ल’. फय हा शब्द एकटा स्त्रीलिंगी, पण मिल-फय पुल्लिंगी.

मिल म्हणजे हजार, फय म्हणजे पान. झाडाचं आणि कागदाचंही, अगदी आपल्या पानासारखं. त्यामुळे ‘फयते’ हे क्रियापद पुस्तक चाळायलाही चालतं आणि पिठाला पदर पाडायलाही. एकावर एक सरकारी थर साचले की फ्रेंच लोक त्या कारभारालाही मिल-फयच म्हणतात.

आता पदार्थ. मैद्याच्या पोळीत बटर गुंडाळून लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, असं सहा वेळा. हिशेब ७२९ वर येतो. हजार म्हणजे थोडी फेकाफेकच. चिरोट्यात साटा जे करतो ते इथे बटर करतं, फक्त ते थंड हवं. वडोदऱ्याच्या मे महिन्यात एसी नसेल तर ते पिठात मुरतं आणि पापुद्र्यांऐवजी बिस्किट होतं. इथे पदर नीट सुटलेत. टाळूला तुपकट थर राहत नाही, म्हणजे मार्जरीन (बटरऐवजी वापरतात ती स्वस्त चरबी) नाही. मार्जरीन तोंडात पुरतं विरघळत नाही.

घोळ आहे तो क्रीमचा. तीन पापुद्र्यांमध्ये दोन थर क्रीमचे, मूळ कृतीत अंड्याच्या पिवळ्या बलकाचे. इथे बिनअंड्याचं, कॉर्नफ्लोरवर जमवलेलं. त्याला हरकत नाही, पण उकळी आल्यावर ते मिनिटभर तरी शिजायला हवं. शिजलेलं नाही, पिठूळ लागतं. शिवाय सकाळीच भरून काचेच्या कपाटात मांडतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत खालचं पान ओलं होऊन काट्याखाली ताणलं जातं. खारी चहात बुडवून विसरावी तसं.

सकाळी लवकर जा, किंवा ‘आत्ता भरून द्या’ म्हणा. कोरे पापुद्रे आत असतात. खाताना वरून सुरी दाबू नका, क्रीम दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. आडवं पाडून करवती सुरीनं कापा. घरी न्यायचं असेल तर क्रीम वेगळ्या डबीत मागा.