ट्रान्सफॉर्मेशन किट: खान्देशात मागवावं का, आणि कधी?

टी.वाय.च्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलांसाठी आम्ही यंदा ट्रान्सफॉर्मेशनचं, म्हणजे जिवाणूत बाहेरचं जनुक घालून दाखवायच्या प्रयोगाचं, किट मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर सगळी किटं आतून जवळपास सारखीच असतात, आणि माझ्या तक्रारीही त्यातल्या बहुतेकांना लागू पडतील. आमचं कॉलेज तापीकाठच्या तालुक्याच्या गावात. पेटी जळगावहून कुरिअरच्या गाडीतून येते, आणि मार्च उलटल्यावर त्या गाडीत काय तापतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून आधी हे सांगते: तयार कॉम्पिटंट सेल्सवालं, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घ्यायला आधीच तयार केलेल्या पेशींचं, किट घेऊ नका. त्या सेल्सना उणे ८० अंश लागतात आणि तालुक्याच्या गावात तेवढा थंड फ्रीझर फारतर कागदावर असतो. आम्ही साधं किट घेतलं. त्यात ई. कोलाय जिवाणूचा एचबी १०१ स्ट्रेन (वाण), कोरडं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं), कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, एलबी आगर (जिवाणू वाढवायचं थिजणारं खाद्य), अँपिसिलिन हे अँटिबायोटिक, अरॅबिनोज ही साखर, लूप (जिवाणू उचलायची कडी) आणि नळ्या होत्या. सेल्स आपणच तयार करायच्या. पेटीतला जेल पॅक आमच्याकडे पोचेस्तोवर कोमट झाला होता, पण कोरडा डीएनए तेवढ्यानं बिघडत नाही. पोचताच फ्रीझरमध्ये टाकला, पुढे काही अडलं नाही.

प्रयोग सुरेख आहे. प्लाझ्मिडवर दोन जनुकं कामाची: एक बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमचं, जे अँपिसिलिन तोडतं, आणि दुसरं एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशचं, ज्यापासून जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन बनतं. याच प्रथिनाच्या कामाला २००८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माहितीपुस्तिकेनं नोबेलला आणि याच तंत्रानं बनणाऱ्या इन्सुलिनला भरपूर जागा दिली आहे. हीट शॉकला मात्र एक ओळ: नळी बर्फातून काढून ४२ अंशांच्या पाण्यात ५० सेकंद ठेवा, परत बर्फात घाला. का, ते कुठेच नाही.

त्यामुळे आमचे लॅब अटेंडंट आप्पा म्हणाले, "मॅडम, बाहेरच बेचाळीस शे, वॉटरबाथ कसाले?" सगळी बॅच हसली. पण प्रश्न रास्त होता आणि पुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून त्या दिवशी तासभर त्यावरच गेला. डीएनएवर ऋण भार, पेशीच्या बाहेरच्या आवरणावरही ऋण भार, म्हणजे दोघं एकमेकांना दूर लोटणार. कॅल्शियमचे आयन हा भार झाकतात आणि डीएनए बर्फात पेशीला चिकटून राहतो. मग तापमान एकदम चढतं तेव्हा तो आत शिरतो. महत्त्व त्या एकदम चढण्याला आहे. हवा ४२ अंशांची असली तरी नळी तिच्यात सावकाश तापते, पाण्यात लगेच. म्हणून बर्फाचं भांडं आणि वॉटरबाथ एकाच टेबलावर हवेत. नळी हातात धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचं नाही. बर्फही कुटलेला हवा, म्हणजे नळीला सगळीकडून लागतो. आमचा बर्फ समोरच्या रसवंतीवरून आला. किटसोबत तो येत नाही आणि तशी अपेक्षाही नाही.

चार प्लेटांचा आराखडा मात्र मला फार आवडला. प्लाझ्मिड नसलेल्या पेशी साध्या आगरवर दाट वाढतात, अँपिसिलिनवर एकही नाही. प्लाझ्मिड घेतलेल्या पेशींच्या मोजक्या कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) अँपिसिलिनवर येतात, पण त्या पांढऱ्याच. अरॅबिनोज घातलेल्या प्लेटवर तशाच कॉलनी यूव्ही (अतिनील) प्रकाशात हिरव्या चमकतात. जनुक आत आहे पण चालू नाही, साखर मिळाली की चालू: जनुकाचं नियंत्रण शिकवायला मला याहून सोपी प्लेट माहीत नाही. एका मुलानं विचारलं, आमच्या सरकीच्या पाकिटातही असंच असतं का? २००२ साली मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं क्राय-वन-एसी जनुक होतं, आणि सोबत निवडीसाठी, म्हणजे जनुक घेतलेल्या पेशीच जगाव्यात म्हणून, कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक. कपाशीत ते अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या मदतीनं घालतात, बर्फ आणि वॉटरबाथनं नाही. पण निवडीचं तत्त्व हेच. गुलाबी बोंडअळी पुढे क्राय जनुकापासून बनणाऱ्या अळीनाशक प्रथिनाला का जुमानेनाशी झाली, हेही मग ओघानं आलं. घरी कपाशी असलेल्या मुलांना ते लगेच पटलं.

अँपिसिलिनबद्दल पुस्तिका पुन्हा गप्प आहे. आगर हाताला सोसवेल इतकं, साधारण ५० अंशांपर्यंत उतरल्यावरच ते घालायचं, नाहीतर तिथेच निकामी होतं. आणि प्लेटा दुसऱ्या दिवशीच मोजा. जास्त वेळ ठेवल्या की मोठ्या कॉलनीभोवती बारीक कॉलनी उगवतात. मोठीनं सोडलेल्या एन्झाइमनं भोवतीचं अँपिसिलिन संपवलेलं असतं, त्या आयत्या जागेवर प्लाझ्मिड नसलेल्या पेशी वाढतात. मुलं त्याही मोजतात आणि वहीत ट्रान्सफॉर्मेशनची कार्यक्षमता, म्हणजे प्लाझ्मिड किती पेशींत शिरलं त्याचा आकडा, फुगते.

किटमधला यूव्ही टॉर्च टाकाऊ. एका मुलीनं घरच्या दुकानातलं नोटा तपासायचं यंत्र आणलं, त्याखाली प्लेट धरली आणि मग कुठे वर्गात आवाज झाला. डोळ्यांना गॉगल लावूनच पाहा. तो किटमध्ये नाही, असायला हवा होता.

उन्हाळ्यातली खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. प्लेटा उबवायचा आपला साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ४१ अंशांवर गेली की ३७ वर लावलेला काटा नावालाच. कॉलनी आल्या, पण चमक फिकी. जीएफपीची घडी जास्त उष्णतेत नीट बसत नाही.

एक गंभीर तक्रार आहे. या प्लेटांवर जनुक बदललेले, अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू असतात. आपल्याकडे अशा जीवांसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ पासून नियम आहेत, आणि पुस्तिकेत 'नीट विल्हेवाट लावा' एवढंच छापलंय. प्लेटा, लूप, पिपेटच्या टिपा, सगळं १२१ अंशांवर १५ पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करूनच, टाका. बेसिनमध्ये काही ओतू देऊ नका, मुलं ओततात.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण टॉर्चचा कापला, एक पुस्तिकेचा. एलबी आगरचे पैसे किटमध्ये उगाच जास्त लागतात. प्लाझ्मिड आणि स्ट्रेन सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या, आगर जळगावच्या डीलरकडून. आम्ही पुढच्या वर्षी परत मागवणार आहोत, फक्त ऑर्डर दिवाळीनंतर लगेच आणि प्रॅक्टिकल जानेवारीत. आप्पांनी रसवंतीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय, पण जानेवारीत त्याची रसवंती सुरू झालेली नसते, तेव्हा बर्फाचं बघावं लागेल.