अलास्का क्रूझ : बाल्कनीची केबिन नेमकी कुठे घ्यावी? २१ रात्रींनंतरचा अनुभव

गेल्या हंगामात, मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, मी सिएटलहून निघणाऱ्या अलास्काच्या तीन क्रूझ केल्या. प्रत्येक सात रात्रींची, प्रत्येक वेळी बाल्कनीची केबिन आणि प्रत्येक वेळी जहाजाच्या वेगळ्या भागात. पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो, मग मित्रमंडळी, आणि शेवटी भारतातून आलेले आई-बाबा. इतक्या कमी दिवसांत तीनदा गेल्यामुळे जागेजागेतला फरक चांगलाच लक्षात राहिला. बाल्कनी घ्यावी की नाही यावर ढीगभर सल्ले मिळतात. ती कुठे घ्यावी यावर बुकिंग करून देणारेही फारसं बोलत नाहीत. माझं मत आता पक्कं आहे : बाल्कनीतून काय दिसेल हे नंतर बघा, आधी केबिनच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघा.

मे महिन्यात आम्ही 'गॅरंटी' बुकिंग केलं. म्हणजे बाल्कनी नक्की, पण केबिनचा नंबर कंपनी देणार. पैसे थोडे वाचतात. आम्हाला केबिन मिळाली अगदी नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, आणि वरच्या डेकवर. इथे सिएटलची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराहून सुटणारी जहाजं बहुतेक करून व्हँकुव्हर बेट आणि मुख्य किनारा यांच्या मधल्या आडोशाच्या पाण्यातून वर जातात. सिएटलची बरीचशी जहाजं बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. जहाज दोन तऱ्हेने हलतं. एक, डावी-उजवीकडे कलतं. हे कमी करायला पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. दुसरं म्हणजे नाळ वर-खाली होते, आणि त्यावर त्या पंखांचा काही उपयोग होत नाही. बागेतल्या सी-सॉसारखं आहे ते, मधल्याला कमी आणि टोकावरच्याला जास्त. आणि जितकं वर जाल तितकं कलणंही जास्त जाणवतं. आमच्या वाट्याला दोन्ही आलं. नवऱ्याला कधी गाडीसुद्धा लागत नाही, पण त्या रात्री त्याला बोट लागली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

पुढच्या बाजूला वाराही फार. जहाज चालू असताना बाल्कनीचं दार खांदा लावून उघडावं लागायचं, आणि बाहेर खुर्चीवर पाच मिनिटं बसवत नसे. बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवण्यासाठी नाळेत खाली थ्रस्टर असतात. जूनोला सकाळी सहा वाजता ते सुरू झाले, तेव्हा बेसिनवरचा काचेचा पेला थरथरत सरकत पार कडेपर्यंत आला. मी अंथरुणातून उठून तो पकडला. त्यानंतर रोज रात्री पेला टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवत होते.

जुलैत मी शहाणपण केलं, असं मला वाटत होतं. जहाजाच्या बरोब्बर मध्यावर, उंचावरची, महागातली केबिन घेतली. हलणं कमीच होतं, आणि सिएटलमधून निघताना डावीकडे ऑलिंपिक पर्वतामागे बुडणारा सूर्य बाल्कनीत बसून पाहिला. पहाटे साडेचारला जाग आली. डोक्यावर कोणीतरी खुर्ची ओढत होतं. खर्रर्र. मग दुसरी. मग तिसरी. मग ट्रॉलीची चाकं धातूच्या पट्टीवरून गडगडत गेली. आमच्या छतावर बुफेचं रेस्टॉरंट होतं आणि नाश्त्याची मांडामांड रोज त्याच वेळी सुरू व्हायची. काउंटरवर तक्रार केली. जहाज भरलेलं होतं, केबिन बदलून मिळाली नाही, कानात घालायचे बोळे मिळाले. सुट्टीसाठी वर्षभर पैसे साठवून आलेल्या माणसाला सात दिवस पहाटे साडेचारला उठवणं मला अजूनही अन्यायाचं वाटतं. बुकिंगच्या वेळी एका ओळीत सांगता आलं असतं.

त्या आठवड्यात मी डेक प्लॅन वाचायला शिकले. आपल्या डेकचा, त्याच्या वरचा आणि खालचा असे तिन्ही नकाशे शेजारी शेजारी उघडायचे. लिफ्ट आणि जिने सगळ्या डेकवर एकाच जागी येतात, ती खूण धरायची आणि तिथून केबिन मोजत जायचं. वर पूल, बुफे, जिम किंवा खाली थिएटर, बार आला की ती केबिन सोडून द्यायची. नकाशात एखादा पांढरा, नाव नसलेला चौकोन दिसला तर तिथे कर्मचाऱ्यांची कामाची जागा किंवा भांडी-ट्रॉल्यांची खोली असण्याची शक्यता धरायची आणि दोन-तीन केबिन लांब जायचं. वरही केबिन, खालीही केबिन, हे सगळ्यात उत्तम. दोन केबिनना जोडणारं आतलं दार असेल तर ते फक्त ओळखीच्यांसाठी ठीक. अनोळखी शेजारी असले की त्या दारातून त्यांचा टीव्हीसुद्धा ऐकू येतो.

खालचा डेक घेताना बाल्कनीच्या बाहेर लाइफबोटी येत नाहीत ना, तेही बघा. काही ठिकाणी समुद्राऐवजी त्यांची नारिंगी छपरंच दिसतात.

आमच्याबरोबरच्या एका जोडप्याने अगदी मागची केबिन घेतली होती. बाल्कनी ऐसपैस होती, आणि जहाजामागे पसरत जाणारा पाण्याचा पांढरा पट्टा बघत ते तासन् तास बसायचे. पण त्यावर छप्पर अर्धंच होतं. केचिकनला वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस पडतो. तिथे ती बाल्कनी दिवसभर रिकामी राहिली. वेगाने जाताना मागे थरथरही जाणवते. तरण्या माणसांनी हौसेने घ्यावी, पण गुडघे दुखणाऱ्यांना तेवढं चालत नेऊ नये.

सप्टेंबरमध्ये आई-बाबांसाठी मी दोन शेजारच्या केबिन घेतल्या. मधल्या भागात, बुफेपासून बरेच डेक खाली, वर-खाली केबिनच, आणि लिफ्टपासून पाचव्या दाराशी. लिफ्टला लागून घेतली नाही, कारण तिथे रात्री लोक गप्पा मारत उभे राहतात. बाबा खोली बघून म्हणाले, "जागा बरोबर धरलीस." लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायचे. "तेव्हाही जाणती माणसं मधोमध वळकट्या पसरायची. नाळेवर बसला तो ओकलाच." सप्टेंबरचा समुद्र मेपेक्षा खवळलेला होता. आईने आल्याच्या वड्या चघळल्या, एक संध्याकाळ पडून काढली आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळ्यांच्या आधी तयार होती.

डावी बाजू की उजवी, हे मला बरेच जण विचारतात. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणार असाल तर डोकं शिणवू नका, जाताना जी बाजू किनाऱ्याकडे असते तीच येताना समुद्राकडे येते. व्हँकुव्हरहून वर अलास्कातल्या व्हिटियर किंवा सीवर्ड या बंदरांपर्यंत एकेरी जाणार असाल तर मात्र उजवी घ्या, आणि तिकडून खाली येणार असाल तर डावी.

ग्लेशियर बेमध्ये तर बाजूचा प्रश्नच येत नाही. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढतात आणि जहाज आत शंभर किलोमीटरच्या आसपास जातं. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना या उपसागराच्या तोंडाशीच बर्फ लागलं होतं. आता जहाज जिथवर आत जातं तिथवर ते मागे सरकलंय. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि जागच्या जागी सावकाश फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना ती दिसते.

केबिन सांभाळणाऱ्या मुलाने आमच्या दोन बाल्कन्यांमधलं पार्टिशन आदल्या रात्रीच उघडून दिलं होतं. (बऱ्याच जहाजांवर हे होतं, पण मागावं लागतं.) चार खुर्च्या एका रांगेत, आईच्या अंगावर केबिनमधलं पांघरूण, बाबांच्या हातात दुर्बीण. जहाजाचा आवाजही जवळजवळ थांबला होता. बर्फाच्या निळ्या कड्याचा एक तुकडा सुटला आणि पाण्यात गेला, अगदी आवाज न करता. "आवाज कसा नाही आला गं?" आईने विचारलं, आणि तेवढ्यात तो आला, लांबवर ढग गडगडावा तसा. तिने डोक्यावरचा स्कार्फ कानांवरून मागे सारला आणि खुर्ची कठड्याच्या आणखी जवळ ओढली.