कराटे: गच्चीवर एकट्यानं की क्लबात समोरासमोर?

तिशी ओलांडल्यावर कराटे शिकायचं मनात आलं की नाशिककराला आधी रस्त्याचा हिशेब करावा लागतो. इंदिरानगरहून संध्याकाळी गंगापूर रोडला पोचायचं म्हणजे मुंबई नाका आलाच, वर सिंहस्थाची कामं. तेवढ्या वेळात घरच्या गच्चीवर सराव होऊन आंघोळसुद्धा उरकते. मी आधी गच्ची केली, आता क्लबात जातो. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

एकट्यानं शिकणं कमी प्रतीचं, असं मी तरी म्हणणार नाही. कराटेची अर्धी दौलत कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींच्या मालिकेत आहे आणि काता एकट्यानंच करायचा असतो. शोतोकान या कराटेशैलीचे गिचिन फुनाकोशी तरुणपणी नाइहांची प्रकारच्या कातांवर तब्बल दहा वर्षं घासत होते, आणि मोकळी लढत त्यांना फारशी रुचत नसे. गच्चीवर तुम्ही एकच वळण मनासारखं होईपर्यंत करू शकता. क्लबात सर पुढं जातात, मग तुम्हालाही जावं लागतं. डिसेंबरातल्या नाशिकच्या पहाटे अनवाणी पाय फरशीवर टेकवायचा निग्रह मात्र तुमचा तुम्हालाच आणावा लागतो.

व्हिडिओवरून शिकणाऱ्यांची एक गंमत सांगतो. हेआन शोदान, म्हणजे अगदी पहिला काता, घ्या. परतीचे तीन ठोसे मोबाइलकडे पाठ करून मारायचे असतात. मान वळवून बघितलं की खांदा फिरतो, खांदा फिरला की ठोसा गेला. पण ते सुटतं. मोठ्या भावाला नाही तर मुलीला मोबाइल धरून उभं करा.

सुटत नाही ते वेगळंच. गच्चीवर समोर कुणी नसतं, म्हणून तुम्ही मनानं एक माणूस उभा करता, आणि तो फार सोयीचा निघतो. तुमचा हात वर गेला की मगच त्याचा ठोसा येतो. अंतरही तो तुमच्या सोयीनं ठेवतो. माझा वरचा अडथळा, म्हणजे आगे-उके, गच्चीवर अगदी चित्रासारखा दिसायचा. क्लबात इप्पोन कुमितेला उभं केलं. यात समोरचा आधी तोंडानं सांगतो की चेहऱ्यावर मारणार आहे, आणि मग एकच ठोसा मारतो. एवढं सांगून-सवरून आलेला ठोसा, तरी माझे डोळे मिटायचे. हात वर जायचा, पण ठोसा नाकासमोर येऊन थांबल्यावर. लवकर हलावं म्हणून मागं सरकलो तर इतका मागं, की उलट मारलेला ठोसा त्याच्या पोटाच्या वीतभर अलीकडेच संपायचा. डोळे मिटतात हे आरशात कळत नाही, कारण आरसा मारत नाही. एकट्यानं आणखी कितीही घाम गाळला असता तरी हे सुधारलं नसतं, असं मला वाटतं. मोजमाप माझ्याकडे नाही, पण याच एका गोष्टीपायी मी मुंबई नाक्याची कटकट पत्करली.

एकट्याच्या सरावाची थोरवी सांगताना लोक मल्लखांबाचा दाखला देतात, आणि तो तर आपल्याच जिल्ह्यातला. बाळंभटदादा देवधरांना वणीच्या सप्तशृंगीच्या उपासनेतून ही विद्या सुचली, अशी आख्यायिका आहे. पेशव्यांच्या दरबारी आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांशी लढायची ती तयारी होती म्हणतात. दाखला चांगला आहे. फक्त त्यांनीही हवेत हातपाय न मारता मिठी घालायला खांब उभा केला, आणि शेवटी उतरायचं होतं ते माणसासमोरच.

क्लबाची दुखणीही थोडी नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच वर्गांत शाळकरी पोरांचा भरणा असतो. पांढरा पट्टा बांधून तिसरीतल्या मुलाच्या मागं रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. तो तुमच्याहून वरच्या पट्ट्याचा असणार आणि तुमची मूठ दुरुस्तही करणार. पट्टा परीक्षांची फी वेगळी. जोडीदार अंगानं दुप्पट मिळाला तर मनगट आठवडाभर बोलतं.

ज्युदोचा विचार असेल तर मात्र हा प्रश्नच उरत नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा घातक डाव बाजूला काढून उरलेले पूर्ण जोरानं एकमेकांवर करता येतील अशी मांडणी केली. गच्चीवर उचलून कुणाला टाकणार? उलट लाठीकाठी किंवा दांडपट्टा शिकायचा असेल, तर सुरुवातीचे बरेच महिने हात फिरवण्यात जातात आणि मोकळी गच्ची पुरते, बाजूला वाळत घातलेले कपडे नसले म्हणजे झालं.

माझं आता असं चालतं: काता सकाळी घरी, बाकी सगळं क्लबात. पावसाळ्यात शेवाळलेल्या गच्चीमुळं काताही हॉलमध्येच. एकच निवडायची वेळ आली तर क्लब निवडेन. तुमच्या कामाच्या पाळ्या बदलत असतील तर आठवड्यातून दोनदा जाणंही चालावं. नाव घालण्याआधी एक पूर्ण तास भिंतीशी बसून वर्ग बघा. मोठ्यांची वेगळी बॅच आहे का आणि तुमच्या वजनाचा निदान एक तरी माणूस तिथं आहे का, एवढं पाहा. फी पहिल्या महिन्याचीच भरा. आणि गणवेश सुती असेल तर एक माप मोठा घ्या, पहिल्या धुण्यात आटतो.