सापाच्या पेटीवरचा खोटा आकडा

पाळीव साप ठेवायची वापरलेली पेटी हीट मॅट (तळ खालून तापवणारी विजेची चटई) आणि थर्मोस्टॅट (तिचं तापमान ठरावीक आकड्यावर ठेवणारी डबी) यांच्यासकट घेणार असाल, तर बघायला जाताना थर्मासमध्ये बर्फाचा चुरा घेऊन जा. विकणाऱ्याने नाक मुरडलं तर मुरडू दे. आम्हाला जसं गंडवलं, तसं कुणी गंडवू पाहत असेल तर ते याच गोष्टीने उघडं पडेल.

आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. लेकीला कॉर्न स्नेक (एक बिनविषारी साप) पाळायचा होता, आणि इथे त्याला परवाना लागत नाही. (भारतातून वाचणाऱ्यांनी यावरून काही मनात आणू नये. धामण, नाग, अजगर असे आपले साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.) इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने पेटी विकायला काढली होती. नोकरीसाठी गाव बदलतोय, सामान हलवणं जमत नाही, म्हणून १४० पौंडांना सगळं देतो म्हणाला. घरी गेलो तेव्हा थर्मोस्टॅटवर ३०.५ अंश दिसत होते. "ताई, डोळे झाकून न्या. आपल्या माणसाला फसवून मी कुठे जाणार?" हे त्याचे शब्द. पैसे मात्र खात्यात आधी जमा करून घेतले, आणि पावती मागितली तर हसण्यावारी नेली.

साप आम्ही एका ब्रीडरकडून वेगळा आणला होता. तो दिवसभर पाण्याच्या भांड्यातच पडून राहायला लागला. लेक म्हणाली, "आई, हा गरम बाजूला जातो आणि लगेच पाण्यात येऊन बसतो." नंतर त्याने खाणंही सोडलं. आकडा पाहावा तर ३०.५. पुन्हा पाहावा तरी ३०.५. नवऱ्याने कामावरून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, मॅटच्या वरचा भुसा बाजूला सारला आणि पेटीच्या तळावर रोखला. ४१ अंश!

मग थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, काढून बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बुडवला. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं, फार तर एखाद अंश इकडेतिकडे. आमच्या थर्मोस्टॅटने उणे १० दाखवलं. बऱ्याच डिजिटल थर्मोस्टॅटच्या मेन्यूत कॅलिब्रेशनची सोय असते. प्रोबच्या वाचनात थोडा फरक असेल तर तो जुळवून घेण्यासाठी ती दिलेली असते. या माणसाने तिथे उणे १० भरून ठेवलं होतं. कशासाठी, तेही लगेच कळलं. आम्ही तापमान २० वर लावलं, तरी रिले (मॅटची वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) बंद होतानाचा 'टक्' आवाज काही आला नाही आणि मॅट तापतच राहिली. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने डबी उघडली, तर रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटून बसलेले. म्हणजे थर्मोस्टॅट मॅट बंद करूच शकत नव्हता. बिघाड विकणाऱ्याला माहीत होता, आणि तो दुरुस्त करण्याऐवजी त्याने आकडाच खाली ओढला. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. एका मुक्या जिवाला भाजू देऊन केलेली ही लबाडी आहे.

कॉर्न स्नेकला गरम बाजूला साधारण २८ ते ३० अंश आणि थंड बाजूला २० ते २४ अंश लागतात. स्वतःच्या अंगात पुरेशी उष्णता तयार करता येत नसल्याने तो या दोन टोकांमध्ये ये-जा करत राहतो. म्हणूनच मॅट तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच असावी, नाहीतर पळायला थंड जागाच उरत नाही. प्रोब गरम बाजूला मॅटच्या वर पक्का बसवावा. तो निसटून थंड हवेत आला तर चांगला थर्मोस्टॅटसुद्धा मॅट तापवत सुटतो. आणि खालून चटका बसत असला तरी साप लगेच हलेलच असं नाही. आमच्या सापाच्या पोटाचे काही खवले तपकिरी होऊन कडा उचलल्या होत्या. डॉक्टरांनी मलम दिलं, भुशाऐवजी कागद अंथरायला सांगितलं, आणि पुरतं भरून यायला दोन-तीन वेळा कात टाकावी लागेल म्हणाल्या. आता तो खायला लागला आहे.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. "तुम्हीच सेटिंग बिघडवली असेल" एवढं लिहून त्याने मला ब्लॉक केलं. खासगी विक्रीत इथे ग्राहकाला संरक्षण कमी असतं, आणि तो त्याचाच आडोसा घेत होता. पण शोधल्यावर त्याच खोलीतले फोटो टाकून वेगळ्या नावाने दिलेल्या आणखी जाहिराती सापडल्या. धंदा करायचा आणि खासगी विक्रेता म्हणून मिरवायचं, हे इथे बेकायदेशीर आहे. आम्ही सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक सेवेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे विक्रीतल्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या इथल्या सरकारी खात्याकडे, तक्रार नोंदवली आहे. थर्मोस्टॅट तसाच ठेवलाय, मेन्यूतल्या उणे १० चा फोटोही काढून ठेवलाय.

बर्फाची चाचणी झाली की तापमान खाली लावून 'टक्' ऐका, मॅट निवते का तेही हात लावून पाहा. विकणारा घाई करायला लागला तर सरळ उठून या. एका जाहिरातीत अजूनही तसाच पांढरा थर्मोस्टॅट दिसतोय. रेडिंगच्या आसपास कुणी पेटी बघायला जाणार असेल तर मला कळवा, इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन मी स्वतः सोबत येईन.